गिरणगावचा रविवार

१० जून १८९० हा दिवस मंगळवार होता. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने आपल्या गिरण्या दर रविवारी बंद ठेवण्याचे मान्य केले, आणि ज्या शहरात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चात्या फिरत राहिल्या पाहिजेत हाच कालगणनेचा मुख्य नियम होऊन बसला होता, त्या शहरातल्या अर्ध्या लाखाहून अधिक कामगारांच्या पदरी आठवड्यातला एक दिवस स्वतःचा म्हणून पडला. आज रविवारच्या सुट्टीचा उपभोग घेणाऱ्या शहरी गृहस्थाला ती सूर्यचंद्राइतकी स्वयंसिद्ध वाटते; फार तर इंग्रज ती आपल्याबरोबर घेऊन आले, एवढे त्याच्या कानावर आलेले असते. इंग्रजांनी ती आपल्या कचेऱ्यांना दिली हे खरेच आहे. परंतु कचेरीतल्या कारकुनाला जी सुट्टी साहेबाच्या धर्मामुळे अनायासे लाभली, ती गिरणीतल्या साचेवाल्याला, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्या कामगाराला, मिळण्यासाठी सभा, अर्ज, सह्या आणि सहा वर्षांची प्रतीक्षा एवढा खटाटोप करावा लागला, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही.

गिरणगावाचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी कामाचा, मजुरीचा आणि संपांचा इतिहास लिहिला. तो लिहावयास हवाच होता. मात्र त्यामुळे एक गोष्ट झाकोळून गेली. ज्या वस्तीने महाराष्ट्राला शाहीर दिले, कामगार रंगभूमी दिली, व्यायामशाळा, भजनी मंडळे आणि सभांतून घडलेले पुढारी दिले, त्या वस्तीने यातले काहीच साच्यासमोर उभे राहून निर्माण केलेले नाही. जे निर्माण केले ते भोंगा वाजल्यावर, खाडा करून किंवा रविवारी निर्माण केले. म्हणून कामगार कामावर नसताना काय करीत होता, आणि मुळात कामावर नसण्याचा अधिकार त्याला कसा प्राप्त झाला, हा प्रश्न मला संपाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विश्रांती काही १८९० साली या भूमीवर प्रथम अवतरली नाही. गिरणीत येणारा माणूस रत्नागिरी, सातारा किंवा पुणे जिल्ह्यातल्या ज्या गावातून येई, त्या गावाच्या वर्षात तिची जागा मोठ्या विचाराने आखलेली होती. अमावास्येला औत जुंपावयाचे नाही, हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पेरणी आणि निंदणी उरकली की श्रावणी अमावास्येला पोळा येई, दक्षिणेकडे त्याआधीच बेंदूर येई. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून तो मळावयाचा, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही आणि घरधन्याच्या आधी पुरणपोळीचा घास त्याला द्यावयाचा. बैलाचा खांदा दुखतो ही गोष्ट ज्या संस्कृतीने पंचांगात नमूद करून ठेवली, तिला श्रमाचे शास्त्र कळत नव्हते असे कोण म्हणेल? सुगी संपून खळी रिकामी झाली म्हणजे चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा, कुस्त्यांचे फड, तमाशे आणि लग्नसराई यांत कुणबी दिवसचे दिवस घालवी, आणि त्याबद्दल त्याला कोणी आळशी म्हणत नसे. कारागिरांचीही आपापली रीत होती. कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात पुणे जिल्ह्यातल्या कारागिरांचे जे वर्णन आहे, त्यात कोण किती वाजता कामाला बसतो, दुपारी किती वेळ उठतो आणि कोणते सण पाळतो, याच्या नोंदी सापडतात. दुपारचे जेवण आणि त्यानंतरची वामकुक्षी यांना त्या दिनक्रमात कामाइतकेच निश्चित स्थान होते.

तथापि या जुन्या व्यवस्थेची भलावण करताना लेखणी आवरलेली बरी. तिच्यातली विश्रांती रूढीने दिलेली होती, आणि रूढी जे देते ते माणूस पाहून देते. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू नव्हते, पण महाराला वेठ होतीच. पाटलाचा सांगावा पोचविणे, सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे, गावची चौकी-पहाऱ्याची कामे करणे आणि मेलेले ढोर ओढणे, यांपैकी कोणत्या कामाला कोणती वेळ, याचा कोठेही ठराव नव्हता. रात्री-अपरात्री हाक आली की उठावयाचे, आणि घरचा कर्ता पुरुष नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जावयाचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी जे बिल मांडले, त्यामागच्या तक्रारींत ही बिनमुदतीची चाकरी अग्रभागी होती. हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. गिरणीचा भोंगा कुणब्याला गुलामीची हाक वाटला असेल. परंतु ज्याच्या चाकरीला कधी शेवटच नव्हता अशा माणसाच्या दृष्टीने, काम अमुक वेळेला सुटते असे ठणकावून सांगणारा तो पहिला आवाज होता. आणि बायकांचे काय? पोळ्याचे पुरण वाटणारे हात त्या दिवशीही विसाव्याविना राहत, याची नोंद कोणत्याही पंचांगात नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापिली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली. पुढल्या तीस-पस्तीस वर्षांत मुंबईत साठ-सत्तर गिरण्यांची धुराडी उभी राहिली. यंत्राला अमावास्या नसते आणि त्याचा खांदाही दुखत नाही. त्यात भांडवल अडकलेले असते व त्या भांडवलाचे व्याज रात्रंदिवस चालू असते, म्हणून उजेड असेतोवर ते चालविले पाहिजे, हा मालकाचा साधा हिशेब होता. मुंबईत मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा असतो. कामाचे तास ठरविण्यासाठी मालकांना याहून अधिक खगोलशास्त्राची गरज पडली नाही. कामगाराच्या खोलीत घड्याळ नव्हते. पहाटेच्या अंधारात उठून, भाकरीचे फडके घेऊन तो दरवाजाशी येई, आणि ती भाकर पुष्कळदा साच्याजवळ उभ्यानेच, कापसाच्या तंतूंसकट पोटात जाई. महिन्यातून सणावाराचे जे चार-दोन दिवस गिरणी बंद राही, त्यांतही एखाद्या सकाळी यंत्रे पुसण्यासाठी हजेरी लागे.

या स्थितीकडे सरकारचे लक्ष प्रथम वेधले ते दयेपोटीच होते असे म्हणवत नाही. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचा स्वस्त माल डोळ्यांत सलत होता. मुंबईच्या मजुराचे तास कमी झाले तर मुंबईचे कापड महाग होईल, एवढा त्यांचा कळवळा. उमराव सभेत मजुरांची बाजू मांडणाऱ्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांची तळमळ मात्र जुनी आणि खरी होती. १८७५ साली मुंबईत चौकशी झाली, १८७८ साली सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी स्वतः एक मसुदा तयार केला, आणि अखेरीस १८८१ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांचे काम, दररोज एक तास विसावा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मुलाच्या बापाला काही दिले नाही, आणि आईलाही नाही. देशी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी या कायद्याला विरोध केला होता, कारण त्यांच्या दृष्टीने तो देशी धंद्याच्या मुळावर घातलेला विलायती घाव होता. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु परक्याच्या स्वार्थातून का होईना, आपल्या माणसाला घटकाभर टेकावयास मिळते आहे, याचा आनंद मानण्याइतके मन त्या देशाभिमानाजवळ असते, तर पुढली काही पाने निराळी लिहिली गेली असती, असे मला अनेकदा वाटले आहे.

अशा वेळी ज्या गृहस्थाने ही बाजू उचलली तो कामगार नव्हता आणि मालकही नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, फुलमाळी. टपालखात्यात आणि मग मांडवीच्या एका कापडगिरणीत भांडारावरचे अधिकारी म्हणून त्यांनी नोकरी केली. गिरणीचे भांडार ही जागा मोठी बोधप्रद असते: तेथे बसलेल्या माणसाला तेलाचा डबा किती दिवसांत संपतो आणि पट्टा किती दिवसांत झिजतो याची नोंद ठेवावी लागते, आणि ज्याला डोळे आहेत त्याला माणूस किती दिवसांत झिजतो हेही दिसू लागते. लोखंड्यांना डोळे होते, आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने त्या डोळ्यांना दृष्टी दिली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढलेले व पुढे अडचणीत आलेले ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांनी १८८० साली मुंबईस आणले, आणि नोकरी सोडून त्या पत्राच्या पायी व गिरणीकामगारांच्या पायी आपले उरलेले आयुष्य खर्ची घातले.

सप्टेंबर १८८४ मध्ये नव्या फॅक्टरी कमिशनचे काम मुंबईत चालू असताना परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या दोन सभा भरल्या. त्यांत संमत झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्या अर्जातल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या विनयाचेच आश्चर्य वाटते: दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला सुटावे, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, आणि काम करताना ज्याला इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पगार, व कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची तजवीज व्हावी. सूर्यास्तापर्यंत काम करावयास ते तयारच होते! मागणे एवढेच होते, की सूर्योदयाच्या जागी घड्याळ यावे आणि सातांतला एक दिवस आपला असावा. रविवारच का, असे कोणी विचारील. कचेऱ्या त्याच दिवशी बंद असत हे एक कारण उघड आहे. पण देशावरच्या कुणब्या-धनगराला तो वार परका वाटण्याचे कारणही नव्हते, कारण रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, आणि त्याच्या घरी त्या दिवशी तळी भरण्याचा कुळाचार होताच.

या चळवळीमागे जी ‘मिल हँड्स असोसिएशन’ नावाची संस्था होती, तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. सरकारी अहवालाने पुढे मोठ्या काटेकोरपणे तसे नमूद करून ठेवले आहे, आणि लोखंडे हे येईल त्याला सल्ला देणारे एक स्वयंसेवक आहेत असा शेराही मारला आहे. शेरा खरा होता. दप्तर नसलेल्या या संस्थेने १८८९ साली आणखी एक अर्ज केला, तेव्हा सह्यांची संख्या सतरा हजारांवर गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया भाषणास उभ्या राहिल्या. त्या काळी प्रतिष्ठित घरांतल्या सुशिक्षित स्त्रियाही जाहीर सभेत क्वचितच बोलत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोघींच्या धैर्याचे मोल कळते. त्यांची नावे मात्र या कथेत लोखंड्यांच्या नावासारखी लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. पुढे सहासात आठवड्यांतच मालकांच्या संघाने रविवार मान्य केला. त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. एका बाजूला काही काळ काम न करण्याची मुभा मागणे आणि दुसऱ्या बाजूला एक विशिष्ट काम अजिबात न करण्याचा निश्चय करणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वर्षात हाती घ्याव्या, यात मला तरी योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

लोखंडे १८९०च्या फॅक्टरी कमिशनच्या चौकशीशीही संलग्न होते, आणि १८९१च्या सुधारलेल्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारचा अर्धा तास या दोन्ही गोष्टी कायम केल्या. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, मुलांचे वय नऊ ते चौदा आणि तास सात झाले. पुरुषाच्या तासांना हात लावण्याचे धैर्य मात्र सरकारने आणखी वीस वर्षे केले नाही. पगारी सुट्टीची कल्पना तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. उक्त्यावर कापड विणणाऱ्या साचेवाल्याला रविवार म्हणजे तितक्या वाराच्या कापडाची मजुरी बुडणे होते. तरीही हजारोंनी सह्या केल्या. विश्रांती दिल्याने कामगार अधिक काम करतो, हे कारण पुढल्या काळात मालकांना पटविण्यासाठी पुष्कळ वापरले गेले व अद्यापि वापरले जाते. ते खरे असेलही, परंतु मजुरी बुडवून रविवार मागणाऱ्या त्या माणसाच्या मनात सोमवारी दोन वार कापड जास्त विणावे हा हेतू होता, असे मानणे त्याचा अपमान करण्यासारखे आहे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे प्लेगने वारले. त्याआधी दोन वर्षे सरकारने त्यांना रावबहादूर केले होते.

मग वीज आली. सूर्याने घातलेली मर्यादा तोवर निदान पाळली जात होती. दिव्यांनी ती पुसून टाकली. १९०४-०५ च्या तेजीत कित्येक गिरण्या पहाटेपासून रात्रीपर्यंत चौदा-चौदा तास चालू लागल्या, कामगारांच्या सहनशक्तीचा अंत झाला, आणि सरकारला पुन्हा चौकशी करणे भाग पडले. १९०८ साली जे फॅक्टरी लेबर कमिशन अहवाल देऊन मोकळे झाले, त्याला या चौकशीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कागदावर तेरा-चौदा तास दिसणारे काम प्रत्यक्षात तितके होतच नव्हते. साच्यावरून उठून अंगणात जाणे, पाण्याच्या टाकीवर आंघोळ करणे, बिडी ओढणे, घरून आलेला डबा सावकाश खाणे, प्रसंगी सावली पाहून एक डुलकी काढणे, आणि तेवढा वेळ शेजाऱ्याने दोघांचे साचे सांभाळणे, असा एक अलिखित बंदोबस्त प्रत्येक खात्यात चालू होता. मालकांनी यावरून सिद्धान्त काढला की हिंदी मजूर स्वभावतःच रेंगाळणारा आहे, सबब त्याचे तास कमी केले तर गिरणी बुडेल. कमिशनचे एक सभासद मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी आपली भिन्न मतपत्रिका जोडली आणि प्रौढ पुरुषांच्या तासांनाही कायद्याने मर्यादा हवी असे प्रतिपादन केले.

मला हे रेंगाळणे या सबंध इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. मनुष्यदेह तेरा तास एका जागी, दमट हवेत, कर्कश आवाजात उभा राहू शकत नाही; तेव्हा जी विश्रांती नियमाने नाकारली, ती देहाने परभारे वसूल केली. गावी दुपारची वामकुक्षी उजळ माथ्याने घेणाऱ्या माणसाला तीच येथे जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नजर चुकवून घ्यावी लागली, एवढाच काय तो फरक. अशा चोरून घेतलेल्या विसाव्याला रुची असते हे कोणताही शाळकरी मुलगा सांगेल; पण त्यात मनाला स्वस्थता नसते, कारण कान सदैव मुकादमाच्या पावलांकडे लागलेले असतात. शिवाय तो विसावा मागता येत नाही, वाढवता येत नाही आणि मुलाबाळांसमवेत घालवता येत नाही. तो देहाला जगवतो, एवढेच.

पुढली पायरी भरभर चढली गेली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा घातली. जानेवारी १९२० च्या सार्वत्रिक संपाने मुंबईला दहा तासांचा दिवस मिळवून दिला. १९२२ साली आठवड्याचे साठ तास, १९३४ च्या कायद्याने चौपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस तास ठरले. हा शेवटचा बदल डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना झाला. त्याआधी एकच वर्ष, १९४५ साली, काँग्रेस व गांधी यांच्यावर टीका करणारा त्यांचा जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात यंत्रयुगाची बाजू घेताना त्यांनी फुरसतीचाच आधार घेतला आहे. पोटासाठी लागणारा श्रम कमी झाल्यावाचून माणसाला संस्कृती निर्माण करण्यास अवसर मिळत नाही, आणि तो अवसर आजवर थोड्यांनाच मिळत आला, तो सर्वांना मिळावयाचा तर यंत्र हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. चरख्याच्या पुरस्कर्त्यांना हा विचार रुचला नाही. पण ज्याच्या जातीने बिनमुदतीची वेठ भोगली आणि ज्याचा संसार परळच्या चाळीत झाला, त्याला फुरसत ही नैतिक अधोगतीची वाट वाटली नाही यात नवल ते काय?

त्या परळमध्ये रविवार कसा जाई? सोशल सर्व्हिस लीगने, म्हणजे ना. म. जोश्यांनी १९११ साली स्थापिलेल्या संस्थेने, तेथे जो दामोदर हॉल उभारला, त्याच्या भिंतींनी किती नाटके, किती व्याख्याने आणि किती सभा ऐकल्या याची गणती नाही. दलित चळवळीच्या इतिहासात ज्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे नाव ठळकपणे येते, तिची पूर्वतयारीची बैठक ९ मार्च १९२४ रोजी याच वास्तूत झाली, आणि २० जुलै १९२४ रोजी ती सभा स्थापन झाली. जुने पंचांग काढून पाहावे: दोन्ही दिवस रविवार आहेत. लोखंड्यांनी मागितलेल्या दिवसाचा असा विनियोग होईल हे १८९० सालच्या मालकांच्या संघाला सुचले असते, तर त्यांनी तो मान्य करण्याआधी आणखी एखादी तहकुबी घेतली असती.

सगळेच रविवार असे इतिहास घडवीत नव्हते, व घडवावेत अशी अपेक्षाही नसावी. गिरणगावातल्या खोल्या हा एक मोठाच गमतीचा प्रश्न होता. एकेका गावच्या मंडळाने घेतलेल्या गाळ्यात तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसे नावाला राहत, म्हणजे तेथे त्यांच्या ट्रंका राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच चटईवर आडवा व्हावयाचा, अशा हिशेबाने ती जागा पुरत असे. रविवारी सर्वांना एकदम सुट्टी, आणि म्हणून पाठ टेकावयास कोणालाच जागा नाही! विश्रांतीचा दिवस मिळाला, पण झोप घेण्याची सोय मात्र उरली नाही. त्यामुळे गिरणगावचा रविवार घराबाहेर, चाळीच्या गॅलरीत, जिन्यावर, रस्त्यावर आणि मैदानात साजरा होऊ लागला. कबड्डीचे सामने, आखाड्यातले डाव, बैठकीच्या पत्त्यांचे न संपणारे फड, कोकणच्या मंडळींचे शक्ती-तुरे आणि बाल्यांचे नाच, घाटावरच्यांचे तमाशे, आणि संध्याकाळी सगळ्यांच्यावर ताण करणारे मृदंग-चिपळ्यांचे भजन, असा तो गजबजलेला दिवस असे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यापुढे ऐकावयास बसणारा प्रेक्षक या रविवारांनीच घडवलेला होता. समाजसुधारकांना दारूच्या गुत्त्यांची चिंता लागे, व ती अनाठायी नव्हती. तथापि गरिबाची फुरसत म्हटली की प्रथम गुत्ताच डोळ्यांपुढे यावा आणि श्रीमंताची म्हटली की संगीत, हा दृष्टिदोष पाहणाऱ्याचा आहे.

रविवार ज्यांना मिळाला नाही त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका याच गल्ल्यांतून राहत. पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक एका खोलीत, दोन वेळा, महिन्याच्या बोलीने. सुट्टीच्या दिवशी जेवणारा उशिरा येतो, निवांत बसतो, मटणाची किंवा माशांची अपेक्षा करतो, आणि म्हणून रविवार हा त्यांच्या आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस. या बायका संघटित व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले, जेव्हा प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आणि जी स्त्री स्वतः गिरणीत जाई, तिचे तर धुणे, दळण, सारवण आणि लेकरांची न्हाणी रविवारची वाट पाहत खोळंबून राहिलेली असत. महालक्ष्मीच्या मैदानावर बोललेल्या त्या दोघींना आपण नेमके कशासाठी बोलतो आहो हे पक्के ठाऊक असावे, आणि त्यातले आपल्या वाट्याला किती येईल याचाही त्यांना अंदाज असावा.

खरी विश्रांती गिरणगावातल्या माणसाने रविवारी मानलीच नाही. ती तो गावी जाऊन घेई. शिमगा आला की रत्नागिरीचा कामगार हातातले काम टाकून धक्क्याची वाट धरी आणि बोटीत बसे; मुंबईची खाती त्या दिवसांत ओस पडत. मालकांच्या लेखी ही गैरहजेरी म्हणजे बेशिस्तीचा कळस होता. १९३१ साली हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने मात्र निराळा अभिप्राय दिला: खेड्याशी असलेले हे नाते हा दोष नसून ठेवा आहे, ते तोडण्यापेक्षा त्याला नियमित स्वरूप द्यावे, रजा देऊन पाठवावे आणि परत आल्यावर त्याची जागा त्याला मिळावी. विलायती सरकारने नेमलेल्या या कमिशनला जे कळले ते आपल्याकडच्या पुष्कळ व्यवस्थापकांना कळले नव्हते. अखेर फॅक्टरी कायद्याच्या १९४५ सालच्या दुरुस्तीने वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. पण कोकणातला शिमगा कोठे पाच दिवसांचा, तर कोठे पंधरा दिवसांचा. पालखी घरोघर फिरून सहाणेवर परत येईपर्यंत गावकऱ्याला पाय काढता येत नाही, आणि जाण्यायेण्याचे दिवस वेगळेच. तेव्हा कायद्याचे दहा दिवस संपल्यावर पुढले दिवस बिनपगारी घ्यावयाचे, आपल्या साच्यावर गावाकडचाच एखादा बदलीवाला उभा करून जावयाचे, आणि परत येताना जॉबरची मर्जी राखण्यासाठी दस्तुरीखेरीज कुळथाची एक पुरचुंडीही ट्रंकेत टाकावयाची, ही जुनी वहिवाट कायदा झाल्यानंतरही तशीच चालू राहिली.